सरांच्या मोबाइलमधले माजी विद्यार्थी : एका जनसंपर्क विभागाचा प्रकरण अभ्यास

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी जुनं, अनुदानित महाविद्यालय आहे. तिथे जनसंपर्काची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका संध्याकाळच्या वर्गात चालते. ही पदविका मात्र विनाअनुदानित, म्हणजे येईल त्या फीवर चालणारी. समन्वयक मराठी विभागातले पूर्णवेळ प्राध्यापक. शिकवणारे बाकी सगळे तासिका तत्त्वावर. मीही त्यांतलीच, प्रसिद्धिपत्रक लेखन शिकवते. महाविद्यालयाचं नाव देत नाही, कारण या हकिगतीत ज्या मुलामुलींचा उल्लेख येणार आहे त्यांची ओळख उघडी पडायला नको.

वर्गात येणारी मंडळी एका साच्यातली नसतात. कोणी तालुक्याचा वार्ताहर, कोणी पतसंस्थेत लिपिक, कोणी एमपीएससीची तयारी करता करता हाताशी काहीतरी असावं म्हणून आलेली. पदविका घेऊन ही मुलं जातात कुठे, हे पाहिलं तर जनसंपर्क हे क्षेत्र जिल्ह्याच्या पातळीवर नेमकं कसं दिसतं तेही कळतं : साखर कारखाने, दूध संघ, नागरी सहकारी बँका, खासगी रुग्णालयं, शिक्षणसंस्था, आमदार-खासदारांची संपर्क कार्यालयं, एखाद-दुसरा जिल्हा माहिती कार्यालयात. काही जण पुण्या-मुंबईच्या एजन्सीत जातात. काही जण गावातच राहून त्याच एजन्सींचं इथलं काम पाहतात. मुंबईहून आलेलं इंग्रजी प्रसिद्धिपत्रक वाचनीय मराठीत आणायचं, दैनिकांच्या कार्यालयांत पोचवायचं, पत्रकार परिषदेला माणसं जमवायची आणि दुसऱ्या दिवशी कात्रणं पाठवायची. या कामाला फारशी प्रतिष्ठा नाही, पण ते नसेल तर मोठ्या कंपनीची बातमी जिल्हा आवृत्तीत लागत नाही.

पहिली पंधराएक वर्षं या सगळ्यांशी संबंध टिकले ते एका माणसामुळे. अभ्यासक्रम सुरू करणारे सर प्रत्येकाला ओळखत. कोणाची नोकरी सुटली की पहिला फोन सरांना, कोणाला माणूस हवा असला तरी फोन सरांनाच. सरांच्या मोबाइलमध्ये नावापुढे गाव किंवा कामाचं ठिकाण लिहिलेलं असे. विभागाचं खरं रजिस्टर तेच होतं. साठाव्या वर्षी सर निवृत्त झाले, निरोप समारंभ थाटात झाला. त्यांच्याकडून कपाटाच्या किल्ल्या, ग्रंथालयाची पुस्तकं, प्रोजेक्टर, सगळं रीतसर ताब्यात घेतलं गेलं. मोबाइलमधले नंबर उतरवून घ्यावेत, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढे नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती यायची ठरली तेव्हा ही पोकळी दिसली. नॅकच्या तेव्हाच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा होता, आणि समिती भेटीला आली की माजी विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष बोलत असे. मग घाई सुरू झाली. कार्यालयाने प्रवेश अर्जांच्या जुन्या फायली काढल्या. अर्जावरचा नंबर बहुतेकदा वडिलांचा. जुन्या तुकड्यांचे तर लँडलाइनचे नंबर, जे आता लागत नाहीत. ई-मेल पत्ते नेट कॅफेत बसून फक्त अर्ज भरण्यापुरते काढलेले. जे सापडले त्यांना निरोप गेला तो असा : अमुक तारखेला समिती येत आहे, तरी उपस्थित राहून सहकार्य करावे, सोबत अभिप्रायाचा फॉर्म भरून पाठवावा.

त्याच वर्षी 26 जानेवारीला मेळावाही घेतला. झेंडावंदनाला सगळे येतातच, त्याला जोडून कार्यक्रम, असा हिशेब. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, स्वागतगीत, प्रास्ताविक. सभागृह भरलं ते चालू वर्षाच्या आणि इतर विभागांच्या विद्यार्थ्यांनी. पदविकेची माजी मंडळी पहिल्या दोन रांगांत मावली. आभाराच्या आधी विभागासाठी ध्वनिमुद्रणाचा संच घ्यायचा आहे, देणगी द्यावी, असं आवाहनही झालं. त्या संध्याकाळी एक जुनी विद्यार्थिनी मला म्हणाली, "मॅडम, पाच वर्षांत पहिल्यांदा बोलावलं आणि पहिल्याच भेटीत पावतीपुस्तक काढलं." ती एका रुग्णालयाचा जनसंपर्क सांभाळते. रागाने नव्हे, दुखावून बोलली.

तिच्या म्हणण्यात प्रकरणाचं मूळ आहे, असं मला वाटतं. आपण वर्गात शिकवतो की पत्रकाराला फक्त बातमी लावायची असते तेव्हाच फोन करू नका, ग्राहकाला फक्त तक्रार आल्यावर भेटू नका, संबंध आधी आणि मागणी नंतर. आणि तोच विभाग स्वतःच्या माणसांकडे समिती आली, देणगी हवी झाली, अतिथी व्याख्याता मिळेना, तरच वळत होता.

सुरुवात कशी बदलली, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. समन्वयक काही कागद शोधायला परीक्षा विभागाच्या कपाटाशी गेले, तर तिथे पदविकेच्या प्रमाणपत्रांचे गठ्ठे. दीक्षान्त समारंभानंतर विद्यापीठाकडून महाविद्यालयात आलेली आणि न्यायला कोणी न आलेली. गुणपत्रक हातात असलं की नोकरीत पहिली काही वर्षं भागतं. मूळ प्रमाणपत्र मागतात ते सरकारी अर्जाच्या वेळी, बढतीच्या वेळी किंवा परदेशी जाताना. तोवर मुलं गाव सोडून गेलेली असतात. काही प्रमाणपत्रांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, एका गठ्ठ्याला वाळवी लागायची तेवढी बाकी होती.

समन्वयकांनी ठरवलं की माजी विद्यार्थ्यांशी संपर्काची सुरुवात यातूनच करायची. तुमची एक वस्तू आमच्याकडे पडून आहे, ती तुमच्यापर्यंत पोचवायची आहे, एवढाच निरोप. येता आलं तर या. नाही आलं तर अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन भावाला, मैत्रिणीला पाठवा.

फोन कोणी करायचे? चालू तुकडीने. अंतर्गत मूल्यमापनात एक प्रात्यक्षिक असतंच, दरवर्षी काल्पनिक कंपनीचा काल्पनिक आराखडा लिहून ते उरकलं जातं. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला काही नावं दिली. शोधायचं, फोन करायचा, बोलायचं आणि संभाषणाची नोंद लिहायची. फोनवर काय बोलायचं नाही, यावर आम्ही वर्गात जास्त वेळ घालवला. देणगी मागायची नाही, व्याख्यानाला बोलवायचं नाही, स्वतःसाठी नोकरी विचारायची नाही, ग्रुपमध्ये घेऊ का असंही विचारायचं नाही. प्रमाणपत्राचा निरोप द्यायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या : सध्या काय करता, इथे शिकलेलं काय उपयोगी पडलं, काय शिकवायला हवं होतं आणि राहून गेलं.

पहिल्या आठवड्यात मुलं संध्याकाळी सहा-सातला फोन करत होती, कारण वर्ग तेव्हाच. कोणी नीट बोलेना. एका कारखान्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने शेवटी समजावलं, "अगं, ही आमची बातम्या पाठवायची वेळ. डेस्कवरून फोन येत असतात. रविवारी सकाळी अकराला कर, वाटेल तेवढं बोलतो." जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांना वृत्तपत्राच्या वेळा पाठ असतात. पण त्या वेळा समोरच्या माणसाच्या दिवसात कशा बसतात, हे त्या फोनमुळे कळलं. रविवारी खरोखरच वाटेल तेवढी बोलणी झाली.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं तर अभ्यास मंडळापुढे ठेवावीत अशी होती. कोणी म्हणालं, आम्हाला हाऊस जर्नल, म्हणजे संस्थेचं स्वतःचं नियतकालिक, काढायला शिकवलं, पण छापखान्याचं कोटेशन कसं वाचायचं ते नाही. कोणी म्हणालं, संकटकाळातला जनसंपर्क पुस्तकातून शिकलो आणि ऑगस्ट 2019च्या महापुरात पहिल्याच दिवशी कळलं की अफवेचं खंडन करायला आधी पाटबंधारे खात्यात नेमका कोणाला फोन करायचा हे माहीत असावं लागतं. धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या तेव्हा मोबाइलवर खऱ्याखोट्या मिसळून फिरत होत्या. त्याने स्वतः तयार केलेली संपर्क यादी नंतर वर्गाला आणून दिली. मागितली नव्हती.

या फोनांतून निघालेली सगळ्यांत बोचरी गोष्ट वेगळीच होती. ज्यांचा पत्ताच लागत नव्हता, त्यांत मुली फार होत्या. त्या शिकल्या नाहीत किंवा कामं केली नाहीत म्हणून नव्हे. लग्न झालं, आडनाव बदललं, कित्येकींचं नावही बदललं, गाव बदललं, मोबाइलचा नंबर सासरच्या कुटुंबाच्या प्लॅनमध्ये गेला. फेसबुकवर किंवा लिंक्डइनवर जुन्या नावाने शोधून काही मिळत नाही. वडिलांच्या नंबरवर फोन केला तर "काय काम आहे?" असा सावध प्रश्न, आणि तो सावधपणा समजण्यासारखा आहे. मुलींचे फोन मुलींनीच करायचे, असं ठरवल्यावर थोडं जमलं. खरा उपयोग झाला मैत्रिणींच्या साखळीचा. एक सापडली की ती वर्गातल्या आणखी दोघींचा ठावठिकाणा सांगते. त्यातली एक इचलकरंजीत नवऱ्याच्या यंत्रमागाच्या व्यवसायाचं सगळं पत्रव्यवहाराचं काम पाहत होती. आपण जनसंपर्क करतो, असं तिला स्वतःलाच वाटत नव्हतं. "मी काय नोकरी करत नाही, माझं नाव कशाला यादीत," असं तिने फोन करणाऱ्या मुलीला विचारलं. व्यापाऱ्यांशी, बँकेशी, विजेच्या दरवाढीविरुद्धच्या निवेदनांशी रोज तिचाच संबंध.

विभागाच्या यादीत तोवर 'यशस्वी माजी विद्यार्थी' असं एक पान होतं. मुंबईतल्या एजन्सी, एखादी बहुराष्ट्रीय कंपनी. ते पान काढून टाका, हा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. ते पान पाहून बाकीच्यांना एकच निरोप जातो की तुम्ही आमच्या मोजणीत नाही. पुढच्या काळात मुलांना प्रशिक्षणाला घेणारे, प्रसिद्धिपत्रकं तपासून देणारे, रिक्त जागेची खबर पहिल्यांदा देणारे बहुतेक जण त्या पानाबाहेरचेच निघाले.

मेळाव्याचा दिवसही मुलींमुळेच बदलला. एकीने सुचवलं, भाऊबीजेला आम्ही सगळ्या माहेरी असतोच, दुसऱ्या दिवशी बोलवा. पुण्या-मुंबईची मुलंही दिवाळीत गावी असतात. अडचण होती ती महाविद्यालयाला सुट्टी असण्याची. प्राचार्यांची लेखी परवानगी, शिपाईमामांना बदली सुट्टी, एवढ्यावर भागलं. व्यासपीठ नाही, सत्कार नाही. वर्गातल्याच बाकांवर, घरून आणलेल्या फराळाचे डबे उघडून मंडळी बसली. मुली मुलांना कडेवर घेऊन आल्या. सरांनाही बोलावलं होतं. त्यांनी मोबाइल समन्वयकांच्या हातात दिला आणि समोरच्या प्रत्येकाला विचारून नंबर उतरवून घेतले. 21 एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो, त्या दिवशी मेळावा घ्यावा असंही कोणी सुचवलं होतं. पण एप्रिलमध्ये परीक्षा, बँका-कारखान्यांत मार्चअखेरची आवराआवर. माणसांच्या सोयीचा दिवस क्षेत्राच्या मानाच्या दिवसापेक्षा बरा.

आता जिथे बिघडलं ते. माजी विद्यार्थी नवी नोकरी धरतो तेव्हा नव्या कंपनीकडून पदविका खरी आहे का, याची पडताळणी करणारा ई-मेल महाविद्यालयाकडे येतो. कार्यालय वर्षानुवर्षं उत्तर देऊन तो फायलीला लावत होतं. आपला विद्यार्थी नोकरी बदलतोय ही खबर आयती दारात येते, असं विभागातल्या एकाच्या लक्षात आलं. कल्पना हुशारीची वाटली आणि तिथेच घात झाला. एका मुलाच्या पडताळणीचा मेल आला, त्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा संदेश पडला, नव्या कंपनीच्या नावासकट. त्या मुलाने जुन्या ठिकाणी अजून राजीनामा दिलेला नव्हता. त्याच ग्रुपमध्ये त्याचे दोन सहकारी होते. संध्याकाळपर्यंत त्याच्या वरिष्ठांचा त्याला फोन. नोकरी वाचली, पण शेवटचा महिना त्याला कडू गेला. तो ग्रुपमधून बाहेर पडला आणि विभागाशी बरेच दिवस बोलला नाही. समन्वयक स्वतः त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले.

हे चुकून घडलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. पडताळणीसाठी आलेली माहिती पडताळणीसाठीच वापरायची. देणाऱ्याने ज्या कामाला दिली त्यापलीकडे ती न्यायची असेल तर त्याला विचारायचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 याच पायावर उभा आहे : संमती विशिष्ट कारणासाठी, आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क. विभागाने मग एका पानाचा साधा मराठी फॉर्म केला. नंबर कशाकशासाठी वापरू, कोणाला देऊ, कोणाला देणार नाही. विद्यार्थ्यांना किंवा इतर माजी विद्यार्थ्यांना नंबर द्यायचा का, यासाठी वेगळी चौकट. नाव यादीतून काढा म्हटलं की कारण न विचारता काढायचं. पडताळणीचे मेल आता फक्त कार्यालयात राहतात. माजी विद्यार्थ्याने आपणहून कळवलं तरच अभिनंदन, तेही आधी त्याला वैयक्तिक.

मोठ्या ग्रुपचाही निकाल लावावा लागला. तो सरांच्याच काळातला. शुभ सकाळ, वाढदिवस, मग निवडणुका. आपले विद्यार्थी परस्परविरोधी उमेदवारांच्या वॉर रूममध्ये कामाला असतात, हे जनसंपर्काच्या विभागाला टाळता येणारच नाही. 2019मध्ये विधानसभेच्या प्रचारात एकाने उमेदवाराची ध्वनिचित्रफीत टाकली, दुसऱ्याने तिला उत्तर दिलं, आणि मतदानापर्यंत ग्रुपमध्ये दोघांच्या उमेदवारांखेरीज काही उरलं नाही. बरेच जण गुपचूप निघून गेले. आता सगळ्यांसाठी फक्त सूचना देणारा, ॲडमिननेच लिहायचा एक मार्ग ठेवलाय आणि गप्पांसाठी तुकडीवार छोटे ग्रुप, जे त्या त्या तुकडीतले लोक चालवतात. विभाग त्यांत नसतोच. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. आपली पाठ वळल्यावरही माणसं एकमेकांशी बोलत असतील, तर ते नातं खरं.

मागणीचं काय? मागणी केव्हातरी करायचीच असते, आणि ती केली. पण लहान, नेमकी आणि त्या माणसाच्या रोजच्या कामातली. "विभागासाठी काहीतरी करा" म्हटलं की कोणी काही करत नाही. "एका विद्यार्थिनीचं एक प्रसिद्धिपत्रक तपासून द्याल का, दहा मिनिटांचं काम" म्हटलं की नाही म्हणणारा विरळा.

एक उदाहरण देते. नागरी सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकायच्या असतात, म्हणून तेव्हा तोच सराव दिला होता. विद्यार्थिनीने पत्रक सुरू केलं ते असं : "बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा मोठ्या उत्साहात व खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली. व्यासपीठावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक, मुख्य कार्यकारी अधिकारी..." लाभांशाचा दर आला नवव्या ओळीत. ते पत्रक एका बँकेत जनसंपर्क पाहणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडे गेलं. त्याने व्हॉइस नोट पाठवली : "ताई, सभासद सकाळी पेपर उघडतो तो लाभांश किती मिळणार हे बघायला. ते पहिल्या ओळीत. ठेवी आणि थकबाकी दुसऱ्या परिच्छेदात. मोठ्या उत्साहात काढून टाक, उपसंपादक काढणारच आहे. आणि संचालकांची नावं शेवटी असू देत, पण एकही गाळू नको. नाव गाळलं तर उद्या सकाळी फोन तुलाच येतो." मी वर्षभर वर्गात हेच सांगत असते. पण या शेवटच्या वाक्याला जे वजन आहे ते माझ्या तासाला येत नाही. मुलीने पत्रक पुन्हा लिहिलं, त्याने पुन्हा पाहिलं. पुढच्या वर्षी त्याच बँकेच्या अहवालाचं मराठी काम तिला मिळालं, रीतसर मोबदला घेऊन.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयातल्या पदव्युत्तर वर्गांना चार श्रेयांकांचं कार्यस्थळ प्रशिक्षण बंधनकारक झालं. इतर विभाग मुलांना जागा शोधत फिरत होते तेव्हा पदविकेच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठीही कारखान्यांत, रुग्णालयांत दारं उघडून दिली. त्यानंतर महाविद्यालयाने या कामाकडे जरा गंभीरपणे पाहायला सुरुवात केली.

वेगळी माजी विद्यार्थी संघटना नोंदवावी, असाही विचार झाला. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. एका छोट्या विभागाला हे पेलणारं नाही. महाविद्यालयाची नोंदणीकृत संघटना आहेच, तिच्यात विभागाचे दोन प्रतिनिधी दिले आणि विषय संपवला.

अभ्यासक्रम संपताना भरायच्या फॉर्मवर आता एक जादा ओळ आहे : तुमचा नंबर बदलला तर तुमचा ठावठिकाणा कोणाला विचारू? आई-वडील सोडून एका मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव लिहायचं, आणि त्या व्यक्तीची सही घ्यायची. मुली बहुतेक एकमेकींचीच नावं लिहितात.

नोंदी आता विभागाच्या खात्यातल्या शीटमध्ये आहेत, कोणा एकाच्या मोबाइलमध्ये नाहीत. पण ती शीट अद्ययावत ठेवतात ते अजून समन्वयकच, संध्याकाळी घरी बसून, स्वतःच्या फोनचं बिल भरून. त्यांच्याही निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत. तासिका तत्त्वावरच्या माणसाला हे काम द्यावं तर त्याला पुढच्या जूनमध्ये परत बोलावतील की नाही, हे त्यालाच ठाऊक नसतं. या कामाचे आठवड्याला निदान दोन तास कार्यभारात धरावेत आणि त्याचं मानधन पदविकेच्या फीमधून द्यावं, असा प्रस्ताव आम्ही महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवला आहे. येत्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर आहे.